गोव्यात अडेनियम जगवायचंय? मग पावसाळ्याचं आधी बघा

अडेनियमची काळजी कशी घ्यायची म्हणून कुणालाही विचारा, पहिला सल्ला हाच की थंडीत झाड झोपतं, पाणी तोडा, घरात घ्या. जिथे बर्फ पडतो तिथे बरोबर आहे हो, पण आपल्याकडे डिसेंबरच्या रात्रीसुद्धा पारा २० च्या आसपास असतो, त्याने या झाडाला काही होत नाही. आपल्याकडे अडेनियम मरतं ते जून ते सप्टेंबर. आफ्रिका आणि अरबस्तानातलं हे झाड, बुंध्यात पाणी साठवून कोरड्यात दिवस काढणारं, आणि इथे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक या चार महिन्यांतच.

माती: निम्म्याहून जास्त खडे. विटेचे किंवा चिऱ्याचे बारीक तुकडे, धूळ चाळून टाकलेली, थोडं पेर्लाईट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके खडे), थोडं शेणखत, बस्स. कोकोपीट नको, ते पाणी धरून बसतं. किनाऱ्यावरची वाळू तर अजिबात नको, खारट असते. कुंडी मातीची, भोकं मोठी.

फेब्रुवारी ते मे वाढीचे दिवस. भरपूर ऊन, माती सुकली की भरपूर पाणी, महिन्यातून एकदा खत. कुंडी बदलायची, छाटायचं तर फेब्रुवारीतच. फुलं नव्या शेंड्यांना येतात त्यामुळे छाटायला घाबरू नका, फक्त हातमोजे घाला, चीक विषारी आहे, आफ्रिकेत बाणांना लावायचे. लहान मुलं, कुत्री-मांजरं यांच्यापासून लांबच ठेवा.

आता पावसाळा. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच टप्प्याने, म्हणून नीट वाचा.

मे संपायच्या आत कुंडी छपराखाली घ्या, पहिल्या सरीची वाट बघत बसू नका. आणि नुसतं छप्पर पुरत नाही, पश्चिमेची बाल्कनी असेल तर वाऱ्याने पाऊस तिरका आत येतो, कौलारू घराच्या बल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, ठेवलं तर पागोळ्यांचे शिंतोडे कुंडीत उडत राहतात. भिंतीला लागून, पण उजेड आणि वारा दोन्ही मिळेल अशी जागा शोधा. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलंत तर फांद्या लांबुडक्या, लुळ्या होतात. कुंडीखालची बशी काढून टाका. या दिवसांत खत नाही, छाटणी नाही, कुंडी बदलणं नाही.

पाणी किती? ‘आठवड्यातून एकदा’ असं कुणी छातीठोक सांगितलं तर ऐकू नका. जुलैत हवाच इतकी दमट असते की माती पंधरा-पंधरा दिवस सुकत नाही. लाकडी काडी तळापर्यंत खुपसा, दमट निघाली तर पाणी नाही. मग अंगठ्याने बुंधा दाबून बघा. निरोगी बुंधा कच्च्या बटाट्यासारखा टणक लागतो. माती कोरडी आणि बुंधा सगळीकडून सारखाच थोडा मऊ, साल सुरकुतलेली, तर ती तहान, थोडं पाणी द्या. माती ओली आणि तरी बुंधा मऊ, त्यातही एकाच बाजूला, साल काळपट, तर ती सड. लोक इथेच फसतात, झाड मलूल दिसलं की आणखी पाणी ओततात आणि जे वाचलं असतं तेही जातं.

सड दिसली की त्याच दिवशी झाड उपटा, उद्यावर ढकलू नका. मुळं धुवा, सुरी स्पिरिटने पुसा आणि मऊ भाग कापत जा, प्रत्येक कापानंतर सुरी परत पुसायची. आतला गर स्वच्छ, टणक लागेपर्यंत थांबायचं नाही, तपकिरी ठिपका एक जरी राहिला तरी सड परत चढते. अर्धा बुंधा गेला तरी चालेल, जीव वाचतो. बुरशीनाशक पावडर लावा आणि झाड सावलीत, पंख्याखाली ठेवा, जखम पूर्ण वाळून कडक होईपर्यंत. आठवडा लागतो, पावसाळ्यात जास्तही. मग कोरड्या खड्यांत लावा आणि पुढचा आठवडाभर पाणी नाही.

ऑक्टोबरात ऊन तापलं की बाहेर काढा, पण हळूहळू. आधी सकाळचं ऊन, मग आठवड्याभरात पूर्ण दिवस, नाहीतर बुंध्याची साल भाजते. पानांच्या मागे पांढरा कापूस दिसला तर ती मिलीबग नावाची कीड, निंबोळी तेल मारा.

डिसेंबर-जानेवारीत काही पानं पिवळी पडून गळतात, कधीकधी जवळजवळ सगळीच. बुंधा टणक असेल तर झाड विश्रांती घेतंय, दुसरं काही नाही. ऊन तेवढंच ठेवा, पाणी अर्ध्यावर आणा, खत बंद. शेंड्यांना नवे कोंब फुटले की पाणी हळूहळू वाढवा, खत त्यानंतर.