सिकलसेल संशोधनासाठी आफ्रिकेसोबत अर्ज करताय? फॉर्म नंतर उघडा

परदेशी भागीदारासोबतच्या संशोधनाला अनुदान मिळवायचा अर्ज म्हटला की आपली डॉक्टर मंडळी आधी फॉर्म उघडतात आणि मग त्यात बसेल असा आफ्रिकी भागीदार शोधायला लागतात. हे उलटं आहे. मी अलिबागला घरी बसून असे मसुदे तपासते. त्याआधी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी केली, डहाणू-जव्हारच्या पाड्यांवरचे सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या या आनुवंशिक आजाराचे, नमुने रोज हाताखालून जायचे. प्रश्न कुणाचा आणि पैसा कुणाच्या हातात, हे मसुद्याच्या पहिल्या पानावरच दिसतं. माझ्या लक्षात येतं, तर परीक्षकाच्याही येणारच.

प्रश्न तिथला हवा. 2021 मध्ये जगभरात सिकलसेल घेऊन अंदाजे 5 लाख 15 हजार बाळं जन्मली आणि त्यातली तीन चतुर्थांशाहून जास्त सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतली. तरीही ‘हायड्रॉक्सीयुरिया (सिकलसेलवरची गोळी) आफ्रिकेतल्या मुलांना मानवेल का’ असले मसुदे अजून येतात. अहो, अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा इथल्या ‘रीच’ चाचणीने 2019 मध्येच त्याचं उत्तर दिलंय. वेदनेचे झटके, रक्त चढवण्याची वेळ, मलेरिया, मृत्यू, सगळंच कमी झालं. आता अडलंय ते पुढे: ही गोळी तालुक्याच्या दवाखान्यात बारा महिने कशी मिळावी, रक्तगणनेचं मशीन नसलेल्या जागी डोस कसा ठरवावा, नवजात बाळाची तपासणी झाल्यावर ते बाळ पुन्हा दवाखान्यात येईल कसं.

आपल्याकडे देण्यासारखं काही नाही असंही नाही. भारतात बहुतेक रुग्णांत अरब-इंडियन हॅप्लोटाइप (एकत्र वारशाने येणारा जनुकीय खुणांचा संच) सापडतो आणि गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं. आफ्रिकेत बेनिन, बांटू, सेनेगल असे वेगळे प्रकार आहेत. ही तुलना मोलाचीच आहे. पण तिच्यासाठी नुसते नमुने मागवणार असाल, तर होडी त्यांची, जाळं त्यांचं आणि मासळी तेवढी आपल्या पाटीत, असा तो मामला होतो. नमुन्यांचं विश्लेषण शक्यतो तिथेच व्हावं, त्यांच्या माणसांनी करावं आणि शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं हे आधीच लिहून ठेवावं.

भागीदार कुठे शोधायचा? ‘सिकलइनआफ्रिका’ या जाळ्यापासून सुरुवात करा. त्यातल्या ‘स्पार्को’ गटाचं केंद्र टांझानियातल्या दारेसलामच्या मुहिंबिली विद्यापीठात आहे, माहितीचं केंद्र केप टाऊन विद्यापीठात. टांझानिया, घाना आणि नायजेरिया पहिल्यापासून आहेत. माली, युगांडा, झांबिया आणि झिंबाब्वे नंतर आले. रुग्णांच्या नोंदवह्या त्यांनी मेहनतीने उभ्या केल्यात. पहिल्या पत्राला तयार मसुदा जोडू नका. दोन परिच्छेद पुरे: आपण काय करतो, आणि ‘तुमचं काम सध्या कुठे अडलंय?’ मुरुडच्या किनाऱ्यावरून आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचा जंजिरा रोज बघणाऱ्यांना आफ्रिका परकी वाटायचं कारण नाही, पण पत्रात हा इतिहास घालू नका. तो चहाच्या वेळेला सांगा.

पैशाचा मोठा स्रोत म्हणजे अमेरिकेच्या एनआयएचमधली (सरकारी आरोग्य संशोधन संस्थांचा समूह) हृदय, फुप्फुस आणि रक्त यांची संस्था. तिच्या घोषणेतला ‘पात्रता’ परिच्छेद दोनदा वाचा. मुख्य अर्जदार कोण असू शकतो ते तिथे ठरतं. 2025 च्या मे महिन्यात एनआयएचने परदेशी उपअनुदानांची (मुख्य अर्जदाराकडून परदेशी भागीदाराला जाणारा वाटा) पद्धत बदलायची घोषणा केली, म्हणून मित्राचा जुना यशस्वी अर्ज समोर ठेवून पैशांची वाटणी आखू नका. सॅम (अमेरिकी सरकारची अनुदान-नोंदणी) आणि ईआरए कॉमन्स (एनआयएचची अर्जांची ऑनलाइन यंत्रणा) या नोंदण्या किमान सहा आठवडे आधी सुरू करा. संस्थेचं नाव सगळीकडे अक्षरशः एकच हवं, स्वल्पविरामासकट.

अर्जात उद्दिष्टांचं पान एकच असतं आणि सगळ्यात जास्त वेळ त्यालाच द्या. पहिल्या परिच्छेदात तिथल्या दवाखान्यातलं अडलेलं काम, मग दोन किंवा तीन उद्दिष्टं. दुसरं उद्दिष्ट पहिल्याच्या यशावर लटकलेलं नको. पहिलं फसलं की सगळंच कोसळतं आणि परीक्षक नेमकं तेच शोधतो.

बजेट लिहायला मला मनापासून आवडतं. माणूस प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन आलाय की नाही, ते तिथे उघडं पडतं. लिहा: फ्रीजसाठी इन्व्हर्टर आणि डिझेल, अभिकर्मकांचं विमानभाडं आणि कस्टम्स, एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या) यंत्राची देखभाल, नर्सचा पूर्ण पगार, घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्याचा मोबाईल रिचार्ज, आणि आईला बाळ घेऊन यायचं बसभाडं. हे शेवटचं नसेल तर पाठपुराव्याचे आकडे कागदावरच राहतील. जव्हारला वेगळं काय होतं? अभ्यास संपल्यावर मुलांना गोळी कोण देणार, तेही लिहा.

नैतिक मंजुरी दोन्हीकडची लागते. आपल्या बाजूला संस्थेची समिती आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणून आरोग्य मंत्रालयाची छाननी समिती. टांझानियात राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्था. संमतिपत्र स्वाहिलीत तिथल्यांनीच लिहावं. एनआयएचच्या अर्जाला 2023 पासून माहिती जपण्याचा आणि वाटून घेण्याचा आराखडाही जोडावा लागतो. तो केप टाऊनवाल्यांशी बोलून करा.

एनआयएचची मुदत संध्याकाळी पाचची, तीही अर्जदार संस्थेच्या घड्याळाने. दारेसलामचे पाच म्हणजे आपले साडेसात. नव्या आर-01 (एनआयएचचं नेहमीचं संशोधन अनुदान) अर्जांच्या नेहमीच्या तारखा 5 फेब्रुवारी, 5 जून आणि 5 ऑक्टोबर. विशेष घोषणांच्या वेगळ्या असतात. पाठवल्यावर यंत्रणा चुका दाखवते आणि त्या मुदतीच्या आत सुधाराव्या लागतात, म्हणून दोन-तीन दिवस आधीच पाठवा. जूनची तारीख असेल तर आणखी आधी. मृगाच्या तोंडावर कोकणात लाईट जाते तेव्हा ती कधी येईल, ते महावितरणही सांगत नाही.