खानदेशातला लहरी हिवाळा: फिरायला निघताना या चुका टाळा

खानदेशचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे, त्याच्यापुढे नियोजन करायला कुणी शिकवावं लागत नाही. गडबड होते ती हिवाळ्यात. दिवाळी झाली की स्वेटर काढायचे, संक्रांत झाली की घडी करून ठेवायचे, मधले सगळे रविवार फिरायला मोकळे, असा आपला सरळ हिशेब. पण उत्तर भारतावरून एखादा पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारी ढग-पावसाची प्रणाली) सरकला की आठवडाभरात ढग, शिडकावा, धुकं आणि हाडं गोठवणारा गारठा असं सगळं एकामागून एक येऊन जातं. २०२३च्या नोव्हेंबरअखेरीस उत्तर महाराष्ट्रात अवकाळी आणि गारपीट झाली, तेव्हा कपाशी अजून शेतात होती. सहली बिघडतात त्या थंडीपेक्षा या पालटामुळे जास्त. खाली दिलेल्या बहुतेक चुका त्यातूनच होतात.

ढगाळ रात्रीवर विश्वास ठेवणे

दोन दिवस आभाळ भरलेलं असतं, रात्री पंखा लावावासा वाटतो आणि ओट्यावर कुणीतरी जाहीर करतं, "आते थंडी गई रे भो." नेमका तोच आठवडा सातपुड्यातल्या तोरणमाळसाठी ठरतो, जाड पांघरुणं घरीच राहतात. ढग असताना जमिनीची उष्णता वर निसटत नाही, म्हणून रात्र उबदार वाटते. आभाळ उघडलं आणि उत्तरेचा कोरडा वारा सुटला की एक-दोन रात्रींत पारा कोसळतो. धुळ्यात तो ४-५ अंशांपर्यंत उतरल्याच्या नोंदी आहेत आणि अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबकडे गवतावरचं दव गोठल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. तेव्हा अंदाज पाहताना आजचा आकडा सोडा, ढग कधी हटणार ते बघा. मुक्कामाची रात्र त्यानंतर लगेच येत असेल तर एक रजई जास्त घ्या.

शहराचा आकडा पाहून डोंगराचे कपडे भरणे

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११४३ मीटरवर आहे. खालच्या तापीकाठच्या सपाटीपेक्षा साधारण हजार मीटर उंच. दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश उतरतात हे धरलं, तर शहाद्यात १२ दाखवत असताना वर ६च्या आसपास समजावं.

यात एक फसगत आहे. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली ओघळते आणि खोलगट जागी साचते. त्यामुळे तोरणमाळच्या यशवंत तलावाच्या अगदी काठाला लावलेला तंबू दिसायला छान, पण पहाटेपर्यंत आतून-बाहेरून दवाने निथळतो. तोच तंबू थोडा वर, उतारावर लावला तर रात्र बरीच सुसह्य होते. आणि अंगावर काय घेतलं यापेक्षा अंगाखाली काय आहे ते महत्त्वाचं. जमीन रात्रभर ऊब ओढून घेते. दोन गोधड्या असतील तर एक खाली घाला. भिजलेली सुती हुडी मात्र अंगावर ठेवू नका. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि सुकेपर्यंत अंग गार करत राहतं. कुणी थरथर कापायला लागलं तर आधी कोरडे कपडे, मग गरम गोड चहा. "दोन घोट घे, ऊब येईल" हा सल्ला देणाऱ्याला गप्प करा. दारूने ऊब आल्यासारखं वाटतं, पण अंगातली उष्णता उलट लवकर जाते.

पहाटे पाचला मोटारसायकल काढणे

सर्वात गार वेळ मध्यरात्रीची नसते, सूर्योदयाच्या आसपासची असते. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. म्हणजे चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला लवकर पोहोचायचं म्हणून पाचला निघालेले दोघे थंडीचा सगळ्यात वाईट भाग वाऱ्याला तोंड देत काढतात. बोटं बधिर झाली की ब्रेक उशिरा लागतो. हातमोजे नसतील तर ऊन पडल्यावरच निघा. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्र घालण्याची जुनी युक्ती अजूनही उत्तम चालते. आणि दुपारी याच सहलीत २८-३० अंशांचं ऊन असतं, म्हणून एका जाड कोटाऐवजी दोन-तीन पातळ थर बरे. तहान लागत नाही म्हणून पाण्याची बाटली भरलेलीच परत येते. कोरड्या हवेत ओठ फुटतात, डोकं धरतं आणि दोष उन्हाला जातो.

पावसानंतर भरीत पार्टीला गाडी शेतात घालणे

हा खास आपला हिवाळी प्रकार, म्हणून जरा सविस्तर. बामणोद-आसोद्याची हिरवी वांगी आली, मित्र जमले, कळण्याच्या पुऱ्यांची तयारी झाली. पाऊस परवा पडून गेलाय, ऊन पडलंय, शिवाररस्ता वरून पांढुरका सुकलेला दिसतोय. घातली गाडी.

काळी कसदार माती वरून वाळते, पण खाली चार बोटांवर ओलीच असते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला लोण्यासारखी चिकटते. आत जाण्याआधी उतरून वीस पावलं चाला. चपलेचा तळ जड झाला, कडेने मातीचे लोंबे आले, तर गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवा आणि पातेली डोक्यावर घ्या.

रुतलीच, तर पहिली गोष्ट: पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढा. चाक जागच्या जागी फिरलं की ते स्वतःसाठी खड्डा खणतं. चालक सोडून सगळे खाली उतरा. चाकाच्या पुढची-मागची माती खुरप्याने मोकळी करा, खाली पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या), तुराट्या (तुरीच्या काड्या) किंवा गोणपाट सारा आणि आलात त्याच चाकोरीतून मागे निघायचा प्रयत्न करा. हवा भरायचा पंप सोबत असेल तर टायरमधली हवा थोडी कमी करा, पकड वाढते. गाडीचं पोट मातीला टेकलं असेल तर ही सगळी मेहनत फुकट, ट्रॅक्टर बोलवा. दोर ओढण्यासाठी दिलेल्या हुकालाच बांधा, बंपरला नाही. आणि दोर ताणलेला असताना बघ्यांना लांब उभं करा, तुटलेला दोर फार वाईट लागतो. मोटारसायकलचं पुढचं चाक मडगार्डमध्ये माती भरून अडकतं. रेस न देता काडीने माती काढावी आणि ढकलत न्यावी. सुटका करताना शेजारच्या उभ्या हरभऱ्यात गाडी वळवणारे लोक असतात. त्यांना पुढच्या वर्षी त्या शेतात कुणी बोलवत नाही आणि ते योग्यच आहे.

दुसरा घोटाळा जळणाचा. ओल्या पऱ्हाट्या धूर जास्त, आच कमी देतात. वांगं बाहेरून काळं आणि आतून कच्चं राहतं, मग बडगीत (भरीत कुटायच्या लाकडी भांड्यात) कितीही कुटा, गाठी राहतातच. ढग दिसायला लागले की एक भारा आदल्या दिवशीच गोठ्यात किंवा ताडपत्रीखाली टाकायला सांगा.

अवकाळीत झाड गाठणे

हिवाळी पावसात विजा नसतात हा समज चुकीचा आहे. अवकाळी ढग बऱ्याचदा गडगडाटीच असतात, गारा त्यातूनच पडतात. लळिंग किंवा भामेर किल्ल्याच्या माथ्यावर असाल आणि वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ताबडतोब खाली उतरायला लागा. एकट्या झाडाखाली थांबू नका. गाडी जवळ असेल तर काचा लावून आत बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी अ‍ॅप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. निघण्याआधी घेऊन ठेवा, डोंगरात नेटवर्क मिळेलच असं नाही.

धुक्यात अपर लाइट लावणे

पावसानंतर आभाळ उघडलं आणि वारा पडला की रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात आणि तापीकाठी धुकं हमखास. अपर लाइटने समोर पांढरी भिंतच उभी राहते, लोअर ठेवा. हतनूर धरणावर पक्षी बघायला जाणाऱ्यांनी तर पहाटेचा हट्टच सोडावा. धुक्यात बदकं दिसत नाहीत, नुसती ऐकू येतात. ऊन चढल्यावर पोहोचा. काठावरच्या गाळात मात्र जपून, तोही वरून सुकलेलाच दिसतो.

कोरड्या पात्रात पथारी पसरणे

गिरणेचं पात्र हिवाळ्यात मोकळं दिसतं, वाळू स्वच्छ असते, पोरांना खेळायला जागा. पण धरणातून आवर्तन (सिंचनासाठी पाळीने सोडलेलं पाणी) सुटतं तेव्हा तुमच्या डोक्यावर ढग असायची गरज नसते. आवर्तनाच्या बातम्या स्थानिक वर्तमानपत्रांत येतात, काठच्या गावात विचारलं तरी कळतं. गाडी पात्रात उतरवू नका, आणि पाणी वाढताना दिसलं तर सामान सोडून आधी माणसं काठावर आणा.

शेकोटी कुठेही पेटवणे

सातपुड्यातलं पाल हे ठिकाण यावल अभयारण्यात येतं आणि पाटणादेवीचा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात. तिथे जंगलात विस्तव पेटवता येत नाही. वरून दव पडत असलं तरी जानेवारीनंतरचं गवत दुपारी भडकायला वेळ लागत नाही. थंडीने कंटाळून कोळशाची शेगडी तंबूत किंवा बंद खोलीत नेणं त्याहून घातक. शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही.

कडेकपारीत, लेण्यांच्या छतांना आणि जुन्या बुरुजांना आग्या मोहोळं असतात. खाली धूर केला किंवा मोबाइलवर गाणी वाजवत दंगा केला की ती उठतात. उठलीच तर हात झाडत उभं राहू नका, डोकं-तोंड कापडाने झाका आणि सरळ लांब पळा, गाडीत किंवा बंद खोलीत शिरा. पाण्यात उडी मारून फायदा नाही, माश्या वर घोंगावत राहतात. खूप डंख बसले असतील, तोंड सुजत असेल किंवा दम लागत असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा.

परतीची वेळ उन्हाळ्यासारखी धरणे

डिसेंबरात पावणेसहा-सहाला सूर्य मावळतो आणि दरीत त्याच्या बऱ्याच आधी सावली येते. तोरणमाळहून निघताना घाट उजेडातच उतरायचा, म्हणजे चारला सामान आवरायला घ्यायचं. वर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, त्यामुळे "अर्ध्या वाटेत फोन करतो" असं घरी सांगून ठेवू नका. पेट्रोलची टाकी शहाद्यातच भरा, आणि पावसाचे दिवस असतील तर घाटात दरड आली आहे का ते तिथेच पंपावर विचारून घ्या. वरून येणारे जीपवाले तिथे थांबतात, त्यांना रस्त्याचं खरं काय ते माहीत असतं.