बिअरमधलं ग्लिसरीन काढताय? आधी या चुका टाळा

गोव्याला गेलं की ग्रुपमध्ये एक तरी जण असतोच, बाटली उघडून तोंडावर अंगठा धरणार, पाण्याच्या ग्लासात उलटी बुडवणार आणि म्हणणार, बघ बघ ग्लिसरीन कसं खाली उतरतंय, आता सकाळी डोकं नाही दुखणार. अरे बाबा, ते ग्लिसरीन नाही, तुझी बिअरच चाललीय! माल्टमधली (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीतली) सगळी साखर काही आंबत नाही, जे उरतं त्याने बिअर पाण्यापेक्षा किंचित जड राहते, म्हणून ती खाली जाते आणि तिच्या जागी ग्लासातलं पाणी बाटलीत शिरतं. मग चव हलकी लागली की ट्रिक चालली असं वाटतं. बिअरमध्ये थोडं ग्लिसरीन असतं हे खरंय, लिटरला साधारण एक-दोन ग्रॅम, पण ते आंबवताना यीस्टच बनवतं आणि ते पूर्ण विरघळलेलं असतं, असं वेगळं निघून येत नाही. सकाळी डोकं धरलं तर आधी लेबलवर अल्कोहोल बघा, आपल्याकडची स्ट्राँग 8 टक्क्यांपर्यंत असते.

दुसरी चूक म्हणजे लेबलवरचा 405 नंबर गूगल करून घाबरणं. ते प्रोपिलीन ग्लायकॉल अल्जिनेट, समुद्री शेवाळापासून बनवतात, फेस टिकावा म्हणून टाकतात. अँटीफ्रीझमध्ये वापरतात ते नुसतं प्रोपिलीन ग्लायकॉल वेगळं, नावं सारखी म्हणून लोक गोंधळतात. तशी भीती अगदीच उगाच नाही हं, 1965-66 मध्ये कॅनडात क्वेबेकला फेसासाठीच कोबाल्टचं मीठ टाकलं होतं आणि खूप बिअर पिणारे काही जण हृदय निकामी होऊन गेले. ते नंतर बंद झालं.

तांदूळ-मका दिसला की ‘भेसळ’ म्हणू नका, बडवायझरमध्ये तांदूळ असतोच, त्याने बिअर हलकी होते. 1516 चा जर्मनीतल्या बव्हेरियाचा नियम लोक तोंडावर फेकतात, बिअरमध्ये बार्ली, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं), पाणी बस, पण त्यात यीस्टचंही नाव नव्हतं!

शाकाहारी असाल तर मात्र चौकशी करा, काही ब्रुअरीज बिअर नितळ करायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेलं आयसिंग्लास वापरतात. आयर्लंडच्या गिनेस बिअरने ते सोडलं.

आणि फेस बसला की कंपनीला शिव्या देण्याआधी ग्लास बघा. तेलकट असतो, नाहीतर शेंगदाणे-फरसाण खाल्लेले ओठ तसेच लावलेले असतात. हिरव्या बाटलीतली उन्हात ठेवलेली बिअर घाण वास मारते ती पण केमिकलने नाही, उजेडाने हॉप्स बिघडतात, तपकिरी बाटली त्यासाठीच असते.