येशूबरोबर रोज चालायचं कसं, आणि मधेच सगळं कोरडं वाटलं तर काय करायचं

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नवीन आलेली तरुण मुलं हमखास विचारतात, की आत्मिक वाढ म्हणजे नक्की करायचं काय, रविवारी उपासनेला येतो, गाणी म्हणतो, डोळ्यात पाणी पण येतं, आणि सोमवारी परत जैसे थे. मी बरीच वर्षं असाच होतो. मला उशिरा कळलं की वाढीच्या मागे लागायचंच नसतं, येशूजवळ राहायचं असतं, वाढवणारा तो आहे.

सुरुवात छोटी करा. बरेच जण जानेवारीत अख्खं बायबल वर्षभरात वाचायचं ठरवतात, 66 पुस्तकं, 1189 अध्याय, म्हणजे रोज तीन-चार अध्याय, मग फेब्रुवारीत लेवीय या नियमांच्या पुस्तकापाशी गाडी अडकते आणि अपराधी वाटून वाचनच बंद पडतं. त्यापेक्षा मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे मार्कने सांगितलेली येशूची हकीकत, घ्या, 16 अध्याय आहेत, रोज एकच. मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा आणि छापील बायबल घेऊन मोठ्याने वाचा. वाचताना एकच गोष्ट बघायची, येशू समोरच्या माणसाशी वागतो कसा. पाचव्या अध्यायात याईर नावाच्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याची मुलगी मरायला टेकलीय, येशू तिकडे निघालाय, आणि गर्दीत बारा वर्षं आजारी असलेली एक बाई मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते. तो थांबतो. तिला शोधतो, तिचं सगळं ऐकून घेतो आणि तिला ‘मुली’ अशी हाक मारतो. तिच्या जागी स्वतः उभे राहा आणि तिथूनच त्याच्याशी बोलायला लागा, हीच तुमची त्या दिवसाची प्रार्थना.

बोलताना शब्दांची काळजी करू नका. आपण आईला तू म्हणतो आणि देवालाही तूच म्हणतो, मराठीत ही जवळीक आयतीच मिळालीय. मराठी कवी नारायण वामन टिळकांना 1893 मध्ये रेल्वेत एका अनोळखी गोऱ्या माणसाने नवा करार दिला, त्यातल्या मत्तयकृत शुभवर्तमानात येशूचं डोंगरावरचं प्रवचन आहे, तिथे ते अडकले ते अडकलेच, आणि 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ते ख्रिस्ताशी बोलले ते अभंगांतून, आपल्या मातीतल्या शब्दांत. तेव्हा पाळकसाहेबांसारखी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंसारखी, प्रार्थना जमत नाही म्हणून गप्प बसू नका. राग आलाय तर राग आलाय असंच सांगा, तेराव्या स्तोत्रात दावीद सरळ विचारतो की देवा, मला किती दिवस विसरणार आहेस.

आता अवघड भाग. वाचलेल्यातली एक तरी गोष्ट त्याच आठवड्यात करायची. मत्तय 5 मध्ये येशू म्हणतो, वेदीपाशी आल्यावर आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. माझं चुलतभावाशी बांधावरून तीन वर्षं बोलणं बंद होतं आणि मी दर रविवारी त्याच भावाच्या मागच्या बाकावर बसून गाणी म्हणत होतो. शेवटी एका संध्याकाळी त्याच्या घरी गेलो, काय बोलायचं ते ठरवलेलं सगळं विसरलो, फक्त माझं चुकलं एवढंच निघालं तोंडातून. वहिनीने चहा ठेवला. बांधाचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही, पण रात्री प्रार्थनेला बसलो तेव्हा कितीतरी वर्षांनी येशू समोर बसलाय असं वाटलं.

आणि कोरडे दिवस येतातच, सगळ्यांना येतात. वाचतोय पण काही वाटत नाही, प्रार्थना छताला आपटून खाली येते. आमच्याकडे निफाड भागात द्राक्षबागा आहेत म्हणून योहानाच्या शुभवर्तमानाचा 15 वा अध्याय मला तिथेच समजला, त्यात येशू म्हणतो मी द्राक्षवेल आहे आणि तुम्ही फाटे. बागेची छाटणी वर्षातून दोनदा होते. ऑक्टोबरची छाटणी फळासाठी, ती सगळ्यांना माहीत असते. पण एप्रिलची खरड छाटणी बघा कधी, भर उन्हात काडीवर जेमतेम एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, ठेवून बाकी सगळं उडवतात, ओलांडे, म्हणजे वेलाच्या आडव्या जाड फांद्या, उघडे पडतात, बाग मेलीय असं वाटतं आणि त्या छाटणीला एकही घड धरत नाही. पण पुढच्या हंगामाचा घड त्याच उन्हाळ्यात, नवीन काडीच्या डोळ्यात आतल्या आत तयार होत असतो, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. येशू म्हणतो पिता माळी आहे, फळ देणाऱ्या फाट्याला अजून फळ यावं म्हणून तो छाटतो, आणि फाट्याला काम एकच दिलंय, वेलात राहा. म्हणून कोरड्या दिवसांत नवीन काही सुरू करू नका, फक्त जागा सोडू नका. तीच वेळ, तीच खुर्ची, दहा मिनिटं. शब्द नसतील तर येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा आणि बसून राहा.

एकटे मात्र राहू नका. मंडळीतला एक विश्वासू माणूस बघा, आठवड्यातून एकदा त्याच्याबरोबर बसा, कुठे घसरलो ते खरं सांगा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा.

मार्क संपला की योहान घ्या, 21 अध्याय आहेत. मधे चार दिवस चुकले तर भरून काढायला जाऊ नका, जिथे खूण ठेवलीय तिथून पुढे वाचा.