ड्राइव्ह ट्रिप झाला? आधी रिसेटवरचं बोट काढा

मोटर बंद पडली म्हणून फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ड्राइव्हच्या, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या व्हीएफडीच्या, डिस्प्लेवर काय आलं होतं? उत्तरही ठरलेलं: "बघितलं नाही साहेब, रिसेट मारला." किती वेळा? "सात-आठ वेळा." ओव्हरकरंटवर ट्रिप झालेला, म्हणजे जास्त करंट दिसताच स्वतःहून बंद पडलेला, ड्राइव्ह पुन्हापुन्हा रिसेट मारून चालू करणं म्हणजे शॉर्ट असलेल्या केबलवर तितक्याच वेळा करंट सोडणं. पहिल्या वेळी केबलच बिघडलेली असते, आठव्या वेळी ड्राइव्हही जातो. डिस्प्लेवरचा फॉल्ट कोड लिहून घ्या, मोबाइलवर फोटो काढा, मग काय ते करा.

पण माझा खरा राग मेगरवर आहे, म्हणजे जास्त व्होल्ट सोडून इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरवर.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फौंड्रीत 15 किलोवॅटच्या ब्लोअरचा ड्राइव्ह अर्थ फॉल्ट, म्हणजे करंट जमिनीकडे गळतोय असं, दाखवत होता. मी फोनवर सांगितलं, मोटर मेगर करा. 'वायरी सोडून' हे सांगायचं राहिलं, ती चूक माझी. पोराने पॅनेलमध्येच यू-व्ही-डब्ल्यूवर, म्हणजे ड्राइव्हकडून मोटरकडे जाणाऱ्या टर्मिनलवर, मेगर लावला आणि ड्राइव्ह जोडलेला असतानाच 500 व्होल्ट सोडले. रीडिंग शून्याजवळ आलं. मोटर उतरवली, रिवाइंडिंगला पाठवली. दोन दिवसांनी दुकानदाराचा निरोप आला, वाइंडिंग ठणठणीत आहे. मोटर परत बसवली तर ड्राइव्ह मेलेला, आतले आयजीबीटी, म्हणजे करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर, गेलेले. मूळ दोष काय होता? मोटरच्या टर्मिनल बॉक्सच्या ग्लँडपाशी, केबल आत शिरते तिथे, ती घासून सोलली होती. बोटभर जागा. दोन्ही टोकांचे मिळून सहा स्क्रू सोडले असते तर वीस मिनिटांत सापडली असती.

तेव्हापासून माझी सवय अशी: वायरी दोन्ही टोकांना सोडायच्या, ड्राइव्हच्या रिकाम्या टर्मिनलवर लाल टेप मारायची. मग केबल वेगळी मेगर, मोटर वेगळी मेगर. टेप दिसली की तिथे कोणाचा हात जात नाही.

स्क्रूला हात लावायच्या आधी मात्र थांबा. 415 व्होल्ट सप्लायवर ड्राइव्हच्या आतली डीसी बस, म्हणजे एसीची डीसी करून साठवणारी लाइन, 587 व्होल्टच्या आसपास असते आणि मेन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. तो उतरेपर्यंत मी मोटरची नेमप्लेट पुसून वाचतो, दहा मिनिटं जातात. तरीही डीसी प्लस-मायनसवर मीटर लावून बघतो. डिस्प्ले विझला म्हणजे करंट गेला, असं समजणाऱ्या माणसाला मी पॅनेल उघडू देत नाही.

मोटर थांबवतानाच ओव्हरव्होल्टेज येतोय? ड्राइव्ह बदलायला निघू नका. जड ब्लोअर पाच सेकंदांत थांबवायला गेलात तर मोटर जनरेटर होते आणि वीज उलटी बसवर चढते. डिसेल टाइम, म्हणजे थांबायला लागणारा वेळ, साठ सेकंद करा, नाहीतर फ्री-रन स्टॉप ठेवा, म्हणजे मोटर आपोआप फिरत थांबेल. घाईने थांबवायचंच असेल तर ती उलटी वीज उष्णतेत जिरवणारा ब्रेकिंग रेझिस्टर लागेल, त्याला पैसे पडतात.

बाकीच्या चुका थोडक्यात. नेमप्लेटचा करंट आणि आरपीएम न टाकता फॅक्टरी सेटिंगवर मोटर पळवणं हा आळस आहे. सप्लाय यू-व्ही-डब्ल्यूला जोडणं यावर मी बोलत नाही. ड्राइव्ह आणि मोटरच्या मधला कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, चालू लोडवर उघडू नका. साध्या मल्टिमीटरने आउटपुटचे व्होल्ट मोजून माझ्याशी वाद घालू नका, ड्राइव्ह झपाझप चालू-बंद होणारे तुकडे (पीडब्ल्यूएम) सोडतो, त्यावर तो काहीही आकडा दाखवतो. शाफ्टवरच पंखा असलेली मोटर फुल लोडवर 10 हर्ट्झला तासन्‌तास चालवली तर ती तापणारच, तिचा पंखाही तेवढाच हळू फिरतो.

आणि फौंड्रीत ओव्हरहीट आलं तर पॅरामीटर चाळत बसू नका, आधी ड्राइव्हचा खालचा पंखा बघा. वाळूची इतकी काळी धूळ निघते की पाती दिसत नाहीत.