उंच टाचांसाठी घरातील फरशी कशी निवडावी

फरशीच्या पाकिटावर छापलेले आकडे बहुतेक वेळा घासून होणाऱ्या झिजेविषयी बोलतात, आणि उंच टाचेमुळे होणारे नुकसान मात्र मुख्यतः दाबाचे असते. या दोन गोष्टींची गल्लत झाली की महागडी आणि ‘अत्यंत टिकाऊ’ म्हणून घेतलेली फरशीसुद्धा काही महिन्यांत बारीक खळग्यांनी भरून जाते. नृत्याचा सराव, कपड्यांची छायाचित्रे, घरी होणारे समारंभ किंवा निव्वळ आवड, यांपैकी कोणत्याही कारणाने घरात टाचांच्या चपला वापरल्या जात असतील, तर फरशी निवडताना पहिला प्रश्न ‘किती झिजेल’ हा नसून ‘एका बिंदूवर किती भार सोसेल’ हा असायला हवा.

हिशेब सोपा आहे. साठ किलो वजनाची व्यक्ती चालताना एक पाऊल टेकवते, तेव्हा क्षणभर जवळजवळ सगळे वजन एका टाचेवर येते. सपाट बुटाच्या टाचेचे क्षेत्रफळ ४० चौरस सेंटिमीटर धरले, तर दर चौरस सेंटिमीटरवर दीड किलो भार पडतो. चार सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या ठोकळा टाचेखाली तो पावणेचार किलोंच्या आसपास जातो. निमुळत्या पेन्सिल टाचेचे टोक मात्र जेमतेम एक चौरस सेंटिमीटर असते, म्हणजे तेथे भार थेट साठ किलो होतो. टाच वाकडी पडली आणि फक्त तिची कड टेकली, तर तो याहूनही वाढतो.

खरा धोका त्याच्याही पुढे आहे. बारीक टाचेच्या आत धातूची सळई असते आणि खालची प्लास्टिकची किंवा रबराची टोपी त्या सळईच्या टोकाने किंवा खिळ्याने बसवलेली असते. टोपी झिजून गेली की हा धातू उघडा पडतो. त्याचा व्यास चार मिलिमीटर धरला, तर त्याच व्यक्तीचा दाब दर चौरस सेंटिमीटरला पावणेपाचशे किलोंच्या आसपास पोहोचतो. इतका दाब सोसेल असे लाकूड फार थोडे, आणि हा दाब खुणेशिवाय पचवेल असे व्हिनाइल जवळपास नाहीच. म्हणून फरशीवर कितीही खर्च करायचा असला, तरी आधी चपलांच्या टोप्या तपासाव्यात आणि झिजलेल्या बदलून घ्याव्यात. फरशी वाचवण्याचा यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

लाकडी फरशी

लाकडाच्या कठीणपणासाठी जांका नावाचे माप वापरले जाते. ११.२८ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा अर्ध्या व्यासापर्यंत लाकडात रुतवायला किती बळ लागते, ते या चाचणीत मोजतात. हा विचित्र वाटणारा व्यास मुद्दाम निवडलेला आहे. त्यामुळे रुतलेल्या गोळ्याच्या छेदाचे क्षेत्रफळ बरोबर एक चौरस सेंटिमीटर येते, म्हणजे योगायोगाने एका बारीक टाचेच्या टोकाएवढे. हे बळ अमेरिकी पद्धतीने पौंडांत सांगतात. पांढऱ्या पाइनचा आकडा सुमारे ३८०, सागाचा हजाराच्या थोडा वर, लाल ओकचा १२९०, कठीण मेपलचा १४५० आणि हिकरीचा १८२० आहे. किलोंत सांगायचे तर पाइनला सुमारे १७०, तर लाल ओकला ५८५ किलो बळ लागते.

हे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. गोळा अर्धा रुतणे ही फार मोठी खूण झाली. डोळ्यांना दिसणारा खळगा त्याच्या कितीतरी आधी पडतो. पाइन किंवा देवदारासारख्या मऊ लाकडावर शाबूत टोपीची टाचही ठसा उमटवते. ओकवर शाबूत टोपी बहुधा निभावते, उघडी सळई मात्र निभावत नाही. साग पाण्याला आणि वाळवीला चांगला तोंड देतो, त्यामुळे तो सर्वच बाबतींत श्रेष्ठ असा समज असतो. टाचांच्या दाबाच्या बाबतीत मात्र तो ओकपेक्षा मऊ ठरतो, हे लक्षात ठेवलेले बरे.

पृष्ठभागाचा रंग आणि पॉलिश यांवर निवड किती अवलंबून असते, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. गडद रंगाच्या, आरशासारख्या चकचकीत फरशीवर प्रत्येक खळगा प्रकाश वेगळ्या कोनात परतवतो आणि दुरूनही दिसतो. फिकट रंगाची, मॅट पॉलिशची, ब्रश फिरवून रेषा उठवलेली फरशी तेवढेच खळगे पोटात घेते. पॉलियुरेथेनचा थर ओरखड्यांना अडवतो, दाबाला नाही. खालचे लाकूड दबले की थरही त्याच्याबरोबर खाली जातो आणि कधी कधी तडकतो. तेल मुरवलेल्या फरशीला हा त्रास नसतो. तिच्यावरचा उथळ खळगा ओल्या फडक्यावरून गरम इस्त्री काही सेकंद फिरवली की बराचसा वर येतो, कारण दबलेले तंतू वाफेने पुन्हा फुगतात. माझे मत विचाराल तर टाचांच्या घरात लाकूडच हवे असेल, तर ते ओक किंवा त्याहून कठीण, फिकट, मॅट आणि तेल मुरवलेले असावे. थर जोडून बनवलेल्या पट्ट्या घेत असाल तर वरचा खऱ्या लाकडाचा थर तीन-चार मिलिमीटरचा आहे ना, हे विचारावे, कारण त्याहून पातळ थर पुन्हा घासून नवा करायला फारसा वाव उरत नाही.

लॅमिनेट आणि व्हिनाइल

लॅमिनेटला लोक नकली म्हणून नाके मुरडतात, पण बिंदूवरच्या दाबाला ते अनेक अस्सल लाकडांपेक्षा चांगले टिकते. त्याचा गाभा दाट दाबलेल्या लाकडी तंतूंचा असतो आणि वर मेलामाइनचा कठीण थर असतो. त्याच्या पाकिटावरचा एसी-३, एसी-४, एसी-५ हा टिकाऊपणाचा वर्ग अनेक चाचण्यांतून ठरतो, पण त्यात मुख्य भर झिजेवरच असतो. एसी-५ म्हणजे टाचांना सुरक्षित असा थेट अर्थ काढू नये. लॅमिनेट बिघडते ते सांध्यांवर. खालचा कोबा असमतल असेल किंवा अंडरले, म्हणजे पट्ट्यांखाली अंथरायचा थर, फार जाड आणि मऊ असेल, तर टाच पडल्यावर पट्टी लवते, शेजारच्या पट्टीच्या खाचेत बसणारी तिची जीभ सैल होते आणि कड उडते. उडालेली कड घासून दुरुस्त होत नाही, पट्टीच बदलावी लागते. म्हणून अंडरले दोन-तीन मिलिमीटरचे, दाट आणि दाबाला न बसणारे घ्यावे, आणि पट्ट्या टाकण्याआधी लांब सरळ पट्टी जमिनीवर ठेवून समतलपणा पाहावा. दोन मीटर लांबीत सुमारे तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक बहुतेक उत्पादक मान्य करत नाहीत.

व्हिनाइलच्या बाबतीत वरच्या पारदर्शक थराची जाडी ठळक छापलेली असते, ०.३ किंवा ०.५ मिलिमीटर अशी. ती ओरखड्यांसाठी महत्त्वाची आहे. खळग्यांसाठी मात्र गाभा पाहावा लागतो. चुनखडीची भुकटी मिसळलेला एसपीसी गाभा दाट आणि कडक असतो. फेसाळ डब्ल्यूपीसी गाभा पायाला मऊ लागतो आणि त्याच कारणाने टाचेखाली दबतो. फोमचे अस्तर असलेले गुंडाळीचे व्हिनाइल टाचांसाठी घेऊच नये, ते सरळ भोसकले जाते.

टाइल आणि दगड

०.५ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी न शोषणारी व्हिट्रिफाइड टाइल टाचेने दबत नाही. ती फुटते, आणि फुटते तेव्हा दोष बहुधा टाइलचा नसून बसवणाऱ्याचा असतो. मसाला चार कोपऱ्यांत आणि मध्ये गोळे ठेवून लावला, तर मधल्या जागा पोकळ राहतात आणि नेमका पोकळीवर पडलेला टाचेचा घाव टाइलला तडा देतो. कामाच्या वेळी एक टाइल बसवल्यावर उचलायला सांगून मागची बाजू पाहावी; मसाला सगळीकडे चिकटलेला दिसला पाहिजे. फरशी आधीच बसलेली असेल तर लाकडी दांड्याने हलके ठोकून पाहावे. पोकळ जागी आवाज बदललेला स्पष्ट कळतो.

दगडांत संगमरवर हा टाचांसाठी नाजूक आहे. मोह्सच्या मापावर त्याचा कठीणपणा सुमारे ३, आणि टोपीत रुतलेल्या वाळूच्या कणाचा, म्हणजे क्वार्ट्झचा, ७. त्यामुळे बाहेरून आलेली टाच चकचकीत संगमरवरावर चरे ओढते. ग्रॅनाइट ६ ते ७ असल्याने ते पुष्कळ सुरक्षित आहे. घरात वापरायचा जोड वेगळा ठेवला, तर हा प्रश्न मुळातच सौम्य होतो.

टाइल आणि दगडाची खरी अडचण घसरण्याची आहे, आणि पडून होणाऱ्या दुखापतीपुढे खळग्यांची काळजी अगदीच किरकोळ ठरते. उंच टाचेत तोल आधीच पुढे झुकलेला असतो आणि जमिनीला टेकणारे क्षेत्र लहान असते. जर्मन उताराच्या चाचणीतून येणारे आर-९ ते आर-१३ हे वर्ग (आकडा मोठा तितकी पकड जास्त), किंवा ओल्या सपाट आतल्या जागेसाठी अमेरिकी मानकात दिलेली ०.४२ ही गतिज घर्षणाची किमान मर्यादा, हे उपयोगी निर्देश आहेत. पण यांतली कोणतीही चाचणी बारीक टाचेने होत नाही. व्यवहारात मॅट पृष्ठभागाची आर-१० टाइल घरासाठी योग्य मध्य ठरते. आर-१२ च्या पुढचा खरखरीतपणा टाचेला अडवतो आणि ठेच लागते. सांधे दोन-तीन मिलिमीटरचे आणि काठोकाठ भरलेले असावेत.

कॉर्क सुंदर आणि शांत असते, पण टाचेचा ठसा धरून ठेवते. गालिचा हवा असेल तर आखूड, दाट, धाग्यांची टोके कापलेल्या लोकरीचा घ्यावा. फासे असलेल्या विणीत टाच अडकते आणि धागा ओढला जातो. सुटा गालिचा असेल तर त्याखाली न सरकणारी जाळी हवीच, कारण दुमडलेल्या कडेत अडकलेली टाच थेट घोट्यावर येते.

आवाज

टाचेचा आवाज दोन प्रकारचा असतो: त्याच खोलीत घुमणारा आणि स्लॅबमधून खाली जाणारा. तरंगत्या, म्हणजे जमिनीला न चिकटवलेल्या, लॅमिनेटमध्ये पहिला त्रासदायक होतो, सरळ स्लॅबवर चिकटवलेल्या टाइलमध्ये दुसरा. खाली जाणारा आवाज मोजण्यासाठी अर्ध्या किलोचे पाच हातोडे ४० मिलिमीटर उंचीवरून सेकंदाला दहा ठोके देतात, आणि अंडरलेच्या वेष्टनावरची डेसिबलची घट अशाच यंत्राने, प्रमाणित काँक्रीट स्लॅबवर मोजलेली असते. तुमचा मजला पातळ किंवा लाकडी असेल, तर तेवढीच घट मिळेल असे गृहीत धरू नये. खाली कोणी राहत असेल, तर टाइलखाली ध्वनिरोधक थर बसवताना तो टाइलसाठीच बनवलेला आणि कडक आहे याची खात्री करावी. मऊ थरावर टाइल तडकते. शिवाय कडक प्लास्टिकच्या टोपीऐवजी रबरी टोपी लावली की दोन्ही प्रकारचा आवाज लगेच उतरतो.

विकत घेण्यापूर्वी नमुना घरी आणावा आणि त्याची परीक्षा स्वतःच्याच टाचांनी घ्यावी. तो ज्या अंडरलेवर बसणार आहे, तेच त्याच्याखाली कडक जमिनीवर ठेवावे; टाइलच्या सुट्या नमुन्यावर मात्र पूर्ण भार देऊ नये, कारण मसाल्याच्या आधाराशिवाय ती फुटू शकते. शक्यतो सगळ्यात बारीक टाच घालून, भिंतीचा आधार घेऊन, एका टाचेवर पूर्ण वजन द्यावे, मग त्याच जागी थोडे वळावे. खोलीतला दिवा मालवून बॅटरीचा झोत जमिनीला समांतर टाकला की बारीकसारीक खळगेही सावलीसकट दिसतात. नमुना एक दिवस तसाच ठेवून पुन्हा पाहावे, कारण व्हिनाइल आणि लाकूड काही प्रमाणात वर येतात. दुसऱ्या दिवशी जी खूण उरली तीच कायमची समजावी. शेवटी नमुन्यावर थोडे पाणी शिंपडून, कोणाचा तरी हात धरून, दोन पावले चालून बघावे. नमुना पसंत पडला की मागणी देताना एक पेटी जास्तीची, त्याच उत्पादन-गटातली मागवावी. एखादी पट्टी किंवा टाइल बदलायची वेळ आली, तर नंतरच्या गटात तीच छटा मिळण्याची खात्री नसते.