ईझी-आउट नावालाच ईझी

कामाला लागून दोनच महिने झाले होते. गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियमच्या झाकणात एम-६ चा (६ मिमी जाडीचा) स्क्रू आतल्या आत तुटला. मी घाईघाईने भोक पाडलं, ईझी-आउट (तुटलेला स्क्रू आतून पकडून बाहेर काढायचं, उलट्या आट्यांचं हत्यार) घातला आणि पिळला. ‘टक्’ असा बारीक आवाज आला. ईझी-आउटचं टोकही आतच! ते असतं कडक केलेल्या पोलादाचं. साधं ड्रिल त्यावर नुसतं घसरत राहतं. शेवटी झाकण स्पार्क इरोजनला, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून काढायला, पाठवावं लागलं. उस्ताद एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

म्हणून नव्या मुलांच्या हातून ईझी-आउट मी आधी काढून घेतो. बहुतेक स्क्रू त्याच्याशिवाय निघतात, वेळ द्यावा लागतो एवढंच.

स्क्रूचं डोकं शाबूत असेल तर खाचेतली घाण टोकदार सुईने खरवडा आणि बिट (पेचकसाचं बदलता येणारं पातं) बसवून बघा. डुगडुगला तर बदला. प्लसच्या खाचेतही फरक असतो: जपानी यंत्रांतल्या कित्येक स्क्रूंना साधा फिलिप्स (नेहमीचा प्लस पेचकस) पूर्ण आत बसत नाही, मग तो उसळून खाच खातो. बिटच्या टोकाला जरा व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट (व्हॉल्व्ह घासायचा खरखरीत लेप) लावली तर पकड वाढते. जोर फिरवण्यापेक्षा दाबण्यात जास्त हवा. डोक्यावर हातोडीचे दोन-चार नेमके ठोके द्या, गंज उतरवणारं तेल सोडा आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी आधी किंचित आवळून बघा, मग सोडवा. गंजाची पकड बऱ्याचदा आवळतानाच सुटते.

नाहीच हललं तर ऊब द्या. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून स्क्रू सोडून भोवतालचा भाग तापवा. अर्थात, आधी तेल पुसून. पेट्रोल जवळपास असेल तर हा नाद सोडाच.

तुटलेला तुकडा वर डोकावत असेल तर व्हाइस ग्रिप (घट्ट धरून ठेवणारी पक्कड) किंवा हॅक्सॉने पाडलेली खाच चालते. जाड स्टडवर (बिनडोक्याच्या बोल्टवर) नट ठेवून आतून वेल्डिंग करा. निम्मं काम त्या उष्णतेनेच होतं.

सपाट तुटला असेल तर मात्र खरी परीक्षा पंचाची, म्हणजे ड्रिलसाठी खूण ठोकायच्या टोकदार खिळ्यासारख्या हत्याराची. तुटलेला पृष्ठभाग तिरका असतो, ड्रिल उताराकडे पळतं. आधी तो सपाट करा, मध्य शोधा, पंच हलका मारा, भिंगातून बघा, चुकला असेल तर पंच तिरका धरून खूण मध्यावर ढकला. माझा इथे ड्रिलिंगपेक्षा जास्त वेळ जातो. एम-६ साठी ३ मिमीपासून सुरुवात, जमल्यास डाव्या फिरकीचं ड्रिल, म्हणजे स्क्रू सुटतो त्या दिशेने फिरून कापणारं. पुष्कळदा तुकडा त्याच्याबरोबर आपणच बाहेर येतो. नाही आला तर ५ मिमीपर्यंत जा. मग आट्यांत फक्त पातळ साल उरते, ती टोकदार सुईने सोलून काढायची. गॉगल विसरू नका.

एक उपाय घड्याळवाल्यांचा. पितळेत पोलादी स्क्रू तुटला तर ते तुरटीच्या कोमट पाण्यात तो भाग बुडवून ठेवतात. पोलाद विरघळतं, पितळ राहतं. बाकीचे पोलादी भाग मात्र आधी काढायचे, नाहीतर तेही जातील. मला खरं वाटलं नव्हतं. एका छोट्या पितळी पट्टीवर करून पाहिलं. स्क्रूवरून बारीक बुडबुडे सुटत राहिले. तिसऱ्या दिवशी भोकात काळा गाळ तेवढा उरला होता. काडीने काढला आणि एम-२ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून घेतला.